कानबाईच्या यादीतले पस्तीस पाटील

आमच्या घराण्यात पस्तीस पुरुष असे आहेत जे कधी जन्मलेच नाहीत. त्यांना घराण्यात मी आणलं, आणि तेही एका दुपारी, चहा निवायच्या आत.

मी मनीषा. माहेर परभणीकडचं, सासर खान्देशातलं आणि संसार सुरतेत, गोडादऱ्याला. नवरा किरण लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात सुपरवायझर आहे आणि मी एका कंपनीत प्रोग्रामर. माझ्यात एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकते. लांबलचक मजकूर मी शेवटपर्यंत वाचत नाही. सुरुवात वाचते, मधलं चाळते आणि शेवट काय असेल ते मला कळलेलंच असतं! या आत्मविश्वासावर माझी नोकरी सात वर्षं बरी चालली होती.

त्या श्रावणात आमच्या साहेबांनी, मेहुलभाईंनी, मला एक काम दिलं. एआय असिस्टंट नावाचं जे नवीन निघालंय, म्हणजे आपण साध्या भाषेत सांगायचं आणि त्याने भराभर कोड लिहून द्यायचा, ते आमच्या बारा जणांच्या टीमला द्यावं की नाही? फायदे आणि धोके असे दोन रकाने करून पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांसमोर मांडायचे होते. फायद्यांचा रकाना पहिल्याच दिवशी भरून वाहायला लागला. धोक्यांच्या रकान्यात मी 'विशेष काही नाही' असं लिहिलं आणि एखादा घरगुती प्रयोग करून दाखवावा म्हणून विषय शोधायला लागले. विषय समोरच सुपात गहू घेऊन बसला होता.

सुपामागे माझ्या सासूबाई होत्या. आम्ही त्यांना आईच म्हणतो. त्या वर्षी कानबाई आमच्या घरी बसणार होती. कानबाई म्हणजे खान्देशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला बसवतात, सोमवारी नदीवर नेऊन निरोप देतात आणि तिच्या नैवेद्याला सगळी भाऊबंदकी एका घरात गोळा होते. आमच्या घराण्याची कानबाई इतकी वर्षं गावी, आईंच्या थोरल्या जावेकडे बसायची. त्यांना सगळे मोठी माय म्हणतात. तिशी उलटली नव्हती तेव्हा आई सुरतेत आल्या. सासरे गेल्यावर साड्यांना टिकल्या लावून त्यांनी दोन मुलं वाढवली आणि दरवर्षी गावी जाऊन दुसऱ्याच्या चुलीपुढे बसून कानबाईचे रोट भाजले. त्या वर्षी त्यांनी धीर करून देवी सुरतेला मागितली होती. मोठ्या मायने दिली, पण एका अटीवर: रीत एवढीशीही चुकली तर देवी पुन्हा गावाबाहेर पाठवायची नाही. आईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचे हात सुपातच थांबले होते.

आणि रीत कसली, तर हिशेबाची. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने गहू काढायचे. इतर घरांत सव्वा मूठ काढतात. आमच्या कुणा पूर्वजाला मूठ पुरत नसावी, आमच्याकडे सव्वा ओंजळ. त्या गव्हाचे गूळ घालून जाडजूड रोट करायचे. ते घराण्याबाहेरच्या माणसाने खायचे नाहीत, घराचा उंबरा ओलांडून न्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच, आणि श्रावणातल्या पुनवेचा चंद्र उगवायच्या आत शेवटचा तुकडा संपलेला असला पाहिजे. पुनव त्याच शुक्रवारी होती, ज्या शुक्रवारी पाच वाजता मी फायदे-तोटे सांगणार होते.

आई पुरुष मोजायच्या त्या बोटांच्या पेरांवर, घरागणिक. मध्येच कुणाचा फोन आला की पुन्हा पहिल्या पेरापासून. मी म्हटलं, आई, ठेवा ते पेर. मी एक प्रोग्राम करते. भाऊबंदकीतल्या आठ घरांना एक लिंक पाठवायची, ज्याने त्याने आपल्या घरचे पुरुष भरायचे, आणि यादी, बेरीज, गव्हाचं माप सगळं तयार! बायकांची नावं पण घ्यायची का, हेही मी विचारलं.

"आपले नावना गहू नही ऱ्हास, पोरी," आई म्हणाल्या. आपल्या नावाचा गहू नसतो. हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं.

असिस्टंटला मी सगळं समजावलं. तो अतिशय नम्र आहे, काहीही सांगा, आधी कल्पनेची तारीफ करतो. अर्ध्या तासाचं काम त्याने दोन मिनिटांत केलं. फोनच्या पडद्यावर यादी कशी दिसते ते बघायला मी त्याला म्हटलं, खान्देशातल्या पाटलांच्या घरात असतात तशी थोडी नावं नमुन्याला भरून दाखव. त्याने भरली. सुंदर दिसलं. शेवटी त्याने काय काय केलं त्याचं एक लांब टिपण लिहिलं. मी सुरुवात वाचली, मधलं चाळलं आणि 'सगळं मान्य' दाबून लिंक पाठवून दिली. चहा अजून गरम होता.

गुरुवारी आबा आणि मोठी माय गावाहून आले. आबा म्हणजे मोठ्या मायचे यजमान, घराण्यातले सर्वांत वडील. ऐंशीच्या पुढे वय, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरच्यांना आपल्याला बोलावलं असं वाटावं. पाट मांडला, गव्हाचं पोतं उघडलं, आबांच्या हातात माझा फोन दिला. बेरीज वर ठळक अक्षरात होती: एकसष्ट. आई जरा थबकल्या. आबांची मात्र छाती फुगली. वंश वाढतोय म्हणाले.

आबांनी एकेक नाव वाचायचं, आईंनी सव्वा ओंजळ काढून परातीत टाकायची. पहिली सव्वीस नावं सुरळीत गेली. आमच्या सात महिन्यांच्या पुतण्याचीही ओंजळ निघाली, तो झोपेत होता. मग 'इतर' असा मथळा आला आणि त्याखाली नाव आलं, अनिल पाटील.

आबा थांबले. हा कुठला, असं आईंनी विचारलं. घराण्यातला एखादा अनिल आपल्याला माहीत नाही हे आबा पाच माणसांत कसं कबूल करणार? त्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं.

"हाऊ ते नंदुरबारवालास्ना अनिल," ते ठामपणे म्हणाले. "त्याना लगीनमा मी जायेल शे."

लग्नालाच जाऊन आलेत म्हटल्यावर बोलायचं काय? ओंजळ निघाली. मग सुनील पाटील आले, त्यांना आबांनी शहाद्याला बसवलं. संजय पाटलांना मोठ्या मायने ओळखलं, लहानपणी फार रडायचा म्हणाली. मी कौतुकाने बघत होते. केवढं मोठं घराणं, आणि केवढी या माणसांची स्मरणशक्ती! हे बघायला साहेब हवे होते असंही मला वाटून गेलं.

एकोणचाळिसावं नाव आलं, विकास वर्मा.

पाटलांच्या यादीत वर्मा? ते टिपण, जे मी चाळलं होतं, एकदम डोळ्यांपुढे आलं. शेजारच्या लॅपटॉपवर मी ते उघडलं. अगदी तळाला, नम्रपणे, लिहिलेलं होतं: पडदा तपासता यावा म्हणून पस्तीस काल्पनिक नावं 'इतर'मध्ये ठेवली आहेत, प्रत्यक्ष वापराआधी कृपया काढून टाका. त्याने सांगितलं होतं हो! सभ्य माणसासारखं सांगितलं होतं.

वर्मा कोण म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. तोंड उघडायची वेळ हीच होती. वर्मा धरून अजून तेवीस नावं बाकी होती, म्हणजे तेवीस वेळा सव्वा ओंजळ. पण समोर आई बसल्या होत्या, घामाने ओल्या कपाळाने, गव्हाने भरलेली ओंजळ धरून, आणि पलीकडे मोठी माय, जी नेमकं काहीतरी चुकण्याची वाट बघत होती. मी लॅपटॉप मिटला. तेवढ्यात मोठी मायच म्हणाली, घरजावई गेला असेल, नाव बदलून घेतलं असेल मेल्याने. आबांनी मान डोलावली. आईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि वर्माची ओंजळ परातीत पडली.

देवीच्या नावाने एकदा काढलेला गहू पोत्यात परत जात नाही. दुपारपासून दळायला घरघंटी सुरू झाली ती थांबेचना. मी किरणला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याने परातीकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. आपल्याला आठवडाभर हेच खायचं आहे हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

रविवारी देवी बसली. घर माणसांनी भरलं, सगळ्यांनी पोटभर रोट खाल्ले, वर आग्रहाने खाल्ले. सोमवारी वाजतगाजत तापीवर जाऊन देवीला निरोप दिला. त्यानंतर ज्याला त्याला आपापली कामाची पाळी आठवली. कुणाचं लूम बंद होतं, कुणाची गाडी निघत होती. घर रिकामं झालं आणि आईंनी डबे उघडले. मी मोजले. एकशे चार रोट! मोठी माय गावी परतणार होती, तिने पिशवी खाली ठेवली. पुनव बघूनच जाते म्हणाली.

तिथून पुढचे चार दिवस रोटांचे होते. सकाळी चहाबरोबर रोट, दुपारी आमटीत रोट, संध्याकाळी दुधात रोट. सुरतेतल्या भाऊबंदांना किरणने लूमसारख्या पाळ्या लावून दिल्या. दिवसपाळीवाले कामावर जाण्याआधी खाऊन जायचे, रातपाळीवाले सुटल्यावर खायला यायचे. मंगळवारी अठ्ठ्याहत्तर उरले. बुधवारी चौपन्न. बुधवारनंतर रोट असे कडक झाले की खाणाऱ्याचा आवाज शेजारच्या खोलीत जायचा, आणि मंडळींना अचानक ॲसिडिटी, दातदुखी, साखर असे एकेक आजार आठवायला लागले. एक चुलतदीर तर फोनच उचलेना.

घाबरून मी असिस्टंटलाच विचारलं, उरलेल्या अन्नाचं काय करावं. त्याने आधी माझ्या प्रश्नाची तारीफ केली आणि मग सुचवलं की शेजाऱ्यांना वाटा, आनंद वाटल्याने वाढतो. आमच्या शेजारी दोन्ही बाजूंना भली माणसं राहतात, त्यांनी पाच मिनिटांत संपवले असते. पण नेमकी तीच एक गोष्ट करायची नव्हती. मी धोक्यांचा रकाना उघडला, 'विशेष काही नाही' खोडलं आणि लिहिलं: त्याला सगळं माहीत असतं, आपलं घर सोडून.

गुरुवारी दुपारी आई एकट्या ओट्याशी उभ्या राहून रोट खात होत्या. पाण्यात बुडवून, डोळे मिटून, औषध घ्यावं तसा. त्यांना दाढ नाही डावीकडे. मला ते बघवेना. मी जाऊन सगळं कबूल केलं. ती पस्तीस माणसं नाहीत, कधी नव्हती, मशीनने नमुन्याला लिहिलेली नावं होती, मी शेवटपर्यंत वाचलं नाही, आणि कळल्यावरही भीतीने गप्प बसले. बोलता बोलता मला रडू आलं.

आईंनी घास गिळला, त्याला वेळ लागला.

"माले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या.

त्यांना अनिलपासूनच माहीत होतं! तीस वर्षं पेरांवर मोजलेली माणसं, त्यांना एकेकाची तोंडं पाठ होती. मग बोलल्या का नाहीत? तर आबा त्या अनिलच्या लग्नाला जाऊन आले होते. थोरल्या दिरांना चार माणसांत खोटं पाडायचं, तेही देवी पहिल्यांदा आपल्या घरी येणार असताना? आणि सुनेने एवढ्या हौसेने केलंय, मोठ्या मायसमोर तिची फजिती कशाला? म्हणजे आबा आपली अब्रू राखत होते, आई आबांची आणि माझी राखत होत्या, मी आईंची राखत होते, आणि या सगळ्यात पस्तीस पाटलांचं जेवण आम्ही जेवत होतो. आईंनी उरलेला अर्धा रोट माझ्या हातात दिला. मी खाल्ला.

शुक्रवार उजाडला तेव्हा एकवीस होते. दुपारी चारला चौदा. पाचला मी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडला, कॅमेऱ्यात फक्त भिंत दिसेल असा. लॅपटॉपच्या पलीकडे, कॅमेऱ्याबाहेर, आबा, मोठी माय, आई, किरण आणि दोन चुलतदीर गोल करून बसले. मध्ये परात. चंद्र सातच्या सुमारास उगवणार होता. मोठी माय दर दहा मिनिटांनी गॅलरीत जाऊन पूर्वेकडे बघून यायची.

मी फायदे सांगितले. वेग, कंटाळवाण्या कामातून सुटका, नवख्यांना हात देणारा सोबती. पलीकडून कडाम्कुडुम् सुरू होतं.

"मनीषाबेन, आ अवाज शेनो छे?" हा आवाज कसला, मेहुलभाईंनी विचारलं.

"घरमां काम चाले छे," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

मग मी धोक्यांकडे वळले आणि स्वतःला आवरताच आलं नाही. मी म्हटलं, तो चूक करतो हा धोका नाही. चूक आपणही करतो. तो इतकं नीटनेटकं करून देतो की आपल्याला तपासायची लाज वाटते, हा धोका आहे. नाव छान दिसलं की आपण ओळख काढतो, मोठी माणसं तर लग्नालाही जाऊन येतात. एक माणूस वाचत नाही, दुसरा बघून न बघितल्यासारखं करतो, तिसरा शपथेवर सांगतो, आणि मग ते निस्तरायला सगळ्या घराला बसावं लागतं. मेहुलभाईंना हे कुठल्या प्रोजेक्टबद्दल चाललंय ते कळेना. एका वाक्यात सांगा, द्यायचं की नाही, एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, द्या. पण शेवटची ओळ वाचेल त्यालाच द्या.

मग तुम्हाला द्यायचं की नाही, असं त्यांनी हसत विचारलं. नेमकं त्याच वेळी किरणने पलीकडून माझ्या हातात एक रोट ठेवला, कारण सव्वासहा झाले होते आणि परातीत अजून तीन होते. मी कॅमेरा बंद केला आणि चावायला लागले. माझं उत्तर त्या दिवशी ऐकू गेलं नाही.

सातला सात मिनिटं कमी असताना शेवटचा तुकडा आबांनी तोंडात टाकला. मोठ्या मायने परात उलटी करून पाहिली, डबे हुंगले, गॅलरीतून एकदा पूर्वेकडे पाहिलं. मग ती आईंजवळ आली आणि म्हणाली की देवीला सुरत मानवलेली दिसते, पुढच्या वर्षीही इथेच बसू दे. आईंनी पदर डोळ्यांना लावला. मीही रडले, माझं थोडं पोटही दुखत होतं.

त्या उत्साहात मी चूक केली. मी आबांना म्हटलं, पुढच्या वर्षी यादी मी हाताने लिहीन, आणि ती 'इतर' नावं काढून टाकीन. आबा दचकले. देवीसाठी घेतलेलं नाव असं काढता येत नाही म्हणाले. नाव निघतं ते माणूस गेल्यावर, सुतक धरून. अनिलला काय झालंय? चांगला धडधाकट आहे! मी आईंकडे पाहिलं. आई गालातल्या गालात हसत होत्या.

आबा झोपायला गेल्यावर आईंनी मला जवळ बसवलं. मला वाटलं, आता पस्तीस जणांचं एकदम सुतक कसं धरायचं ते ठरवायचं असेल. त्या हळूच म्हणाल्या,

"ज्या नहीत त्यास्ना नावना गहू लिधा. तू ते शेस ना?"

जे नाहीत त्यांच्या नावाचा गहू काढला, तू तर आहेस ना. यंदा देवी पुन्हा आमच्याकडे बसली, तेव्हा आईंनी कुणाला न विचारता माझ्या नावाने सव्वा ओंजळ काढली. मग मी आईंचं नाव घेतलं आणि त्यांच्याही नावाने काढली. आबांनी छताकडे पाहिलं आणि हरकत घेतली नाही. फक्त रीत रीतच असते. नवीन नाव यादीच्या तळाला लागतं, जुन्यांचा मान आधी.

म्हणून सात वर्षं या घरात नांदून, चौदा रोट एकटीने पचवून आज माझा मान विकास वर्मांच्याही खाली आहे. गृहस्थ जन्मलेले नाहीत, आमचे कुणी लागत नाहीत, पण माझ्याआधी लागले. आणि त्यांना आणलं कुणी, हे यादीत शेवटपर्यंत वाचलं तरी कुठे लिहिलेलं नाही, हेच माझं नशीब!